प्रमाण नळीतला थेंब

हेमलताचं लिव्हर गेलं हे टेकराम लांजेवारला कळलं तेव्हा त्याच्या हातात प्रमाण नळी होती. बुधवार होता. चिचबांधच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीचं बायोलॉजीचं प्रॅक्टिकल चालू होतं, आणि लोकेश्वरी हटवार नावाची मुलगी तिसऱ्यांदा त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती.

"काकाजी, परत तेच आलं."

तिच्या हातातल्या डबीच्या पडद्यावर दोनच शब्द होते. पुन्हा तपासा.

"पट्टी नीट बसवली होती का?"

"हाव."

"पाणी कुठचं आणलं?"

"घरच्या नळाचं. मागच्या खेपेलेही हेच झालं होतं."

मागे आठ-दहा मुलं खोळंबली होती. शहारे मॅडम खिडकीजवळ बसून जर्नलवर सह्या करत होत्या. टेकरामने नवी पट्टी काढली, प्रमाण नळीतला एक थेंब तिच्यावर सोडला आणि पट्टी डबीत सरकवली. दीड मिनिटात हिरवी खूण आली.

"झालं. जा, लिहून घे."

"पण हे माझं पाणी नाही न, काकाजी."

"तुझं पाणी तुझ्या घरी आहे. इथं चार मार्क आहेत."

मुलं हसली. तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून त्याचा साळा नरेश बोलत होता. टेकरामच्या बायकोला, हेमलताला, चार दिवसांपूर्वी तिथल्या दवाखान्यात भरती केलं होतं. टेकराम दोन दिवस थांबून परत आला होता, कारण परीक्षेची सामग्री त्याच्याच ताब्यात होती.

"भाऊजी, तुम्ही निघा. डॉक्टर म्हणते लिव्हर गेलं. आता काही करण्यासारखं नाही म्हणते."

टेकरामने नळीला बूच लावलं. नळी स्टँडमध्ये ठेवली. हात धुतले, पुसले आणि मग मॅडमना सांगितलं. शनिवारी सकाळी हेमलता गेली. ती एकोणपन्नास वर्षांची होती. दारूचा प्रश्न नव्हता, काविळीचे विषाणू तपासले तर निघाले नाहीत. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, कारण अज्ञात.

टेकराम या कॉलेजात सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. स्वतः बारावी नापास, पण त्याच्याशिवाय प्रॅक्टिकल पार पडत नसे. कांद्याच्या मुळाची स्लाइड करायला सांगितली तर शंभरात दोन मुलांना पेशींचं विभाजन दिसतं. म्हणून परीक्षक यायच्या आधी टेकराम सूक्ष्मदर्शकाखाली विकतची तयार स्लाइड लावून ठेवी. स्टार्चच्या परीक्षेत निळा रंग नाही आला तर तो येईल अशी सोय करी. परीक्षकांना हे माहीत होतं, कारण त्यांच्याही कॉलेजात असाच एक टेकराम होता. कोणाचं नुकसान नव्हतं. कांद्याला काही फरक पडत नव्हता.

पाच वर्षांपूर्वी बोर्डाने पाण्याचं प्रॅक्टिकल आणलं. प्रत्येक मुलाने आपल्या घरचं पाणी बाटलीत आणायचं, गाळायचं, गाळणीवर राहिलेल्या सूक्ष्म जीवांच्या पेशी एका द्रावणात फोडायच्या आणि त्याचा थेंब पट्टीवर टाकून पट्टी डबीत घालायची. डबीला वाचक म्हणत. पूर्वी ज्या कामाला मोठी प्रयोगशाळा आणि आठवडा लागे, ते ही तळहाताएवढी डबी दीड मिनिटात करी. पाण्यात ज्या जीवांचे जनुकांचे धागे असतील ते ओळखी आणि किती आहेत ते आकड्यात सांगे. आकडा शून्य ते दहा. एकच्या खाली पाणी चांगलं.

डबी ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक पेटीत एक प्रमाण नळी येई. तिच्यात निरुपद्रवी शेवाळाचा ठरावीक अंश असे. तिचा थेंब घातला की आकडा नेहमी शून्य पॉइंट तीन सातच्या आसपास यायचा.

मुलांचे आकडे थेट सरकारच्या नकाशावर जात. ही कल्पना हुशारीची होती. राज्यभर अकरा हजार कॉलेजं, लाखो मुलं, प्रत्येक गावचं पाणी वर्षातून दोनदा तपासलं जाणार आणि तेही फुकट. पाणी खात्याने आपली तपासणी केंद्रं दुसऱ्याच वर्षी बंद केली. मुलं शिकतात आणि गावं सुरक्षित राहतात, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. टेकरामने त्या दिवशी खुर्च्या लावल्या होत्या.

मात्र डबी काही वेळा 'पुन्हा तपासा' म्हणे. मग सगळं पहिल्यापासून, पाऊण तास. पट्ट्या मोजून येत. मुलांचे मार्क जात. पहिल्याच वर्षी टेकरामला उपाय सापडला, तो म्हणजे प्रमाण नळी.

तेरवी झाल्यावर तो कामावर परत गेला. घरी मुलगी होती. रोशनीला सातवा महिना चालू होता. आईच्या तेरवीला आली ती पहिलं बाळंतपण माहेरीच म्हणून राहिली. खरं तर बापाला एकटं सोडवेना म्हणून. सकाळी टेकराम उठे तेव्हा चुलीएवढ्या मोठ्या गॅसवर पाण्याचं पातेलं खदखदत असे.

"इतकं उकळतेस कायले?" त्याने एकदा विचारलं.

"आईनंच सांगितलं होतं. वीस मिनिटं उकळायचं, थंड करायचं, मग फिल्टरच्या कँडलमधून गाळायचं. बाळासाठी म्हणे काळजी घे."

"तुझी आई सगळ्या गोष्टीत वीस मिनिटं सांगे."

"तुम्ही ऐकत होते का?"

"नाही."

"मग." रोशनी हसली आणि मोठा पेला भरून प्यायली. तिला डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं. हेमलतालाही मुतखड्यासाठी तेच सांगितलं होतं. दिवसाला तीन लिटर. टेकराम स्वतः दिवसभर कॉलेजातल्या कॅनचं विकतचं पाणी पीत असे.

त्याच आठवड्यात लोकेश्वरी जर्नल घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. शहारे मॅडम वैतागल्या होत्या.

"लांजेवारभाऊ, बघा हिचं काय आहे. निष्कर्षात लिहून आणलं आहे, पुन्हा तपासा, पुन्हा तपासा, पुन्हा तपासा. चौथं रीडिंग माझ्या पाण्याचं नाही. असं जर्नल मी सर्टिफाय कसं करू?"

"मॅडम, जे आलं ते लिहिलं," लोकेश्वरी म्हणाली. "आमच्या तीन बकऱ्या मेल्या. तलावावरच पाणी पीत होत्या. डॉक्टरनं चिरून पाहिलं तर लिव्हर काळं पडलेलं होतं म्हणे."

टेकराम नळ्या धूत होता. त्याने नळ बंद केला.

शहारे मॅडम लहान वयाच्या होत्या, नोकरीला दोनच वर्षं झाली होती, पण विषय त्यांना मनापासून येई. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तलावाचा रंग कसा आहे आता?"

"हिरवा. पोपटी. आधी थंडीत जाई. आता दोन-तीन वर्षं झाली, जातच नाही."

मॅडमनी जर्नल मिटलं. मग त्यांनी मुलीला समजावून सांगितलं, आणि टेकरामने पाठमोरं उभं राहून ऐकलं. तलावात निळं-हिरवं शेवाळ असतं. शेवाळ म्हणतात, पण ते जिवाणू असतात. त्यांतल्या काही जाती एक विष तयार करतात, ते नेमकं लिव्हरवर जातं. जोवर पेशी अखंड आहे तोवर बरंचसं विष तिच्या पोटातच राहतं. पूर्वी थंडी पडली की हे जिवाणू तळाशी बसत. आता थंडी पडत नाही, तर ते बारा महिने वाढतात, आणि वाढता वाढता विषाचं जनुक दुप्पट, चौपट झालेली जात टिकून राहू शकते.

"मग उकळून प्यायचं का, मॅडम?" लोकेश्वरीने विचारलं.

"नाही न. तेच तर. उकळल्यानं पेशी फुटते आणि आतलं सगळं विष पाण्यात उतरतं. विष काही उकळून जात नाही, आणि फिल्टरच्या कँडलनंही अडत नाही. उलट न उकळता गाळलं तर अखंड पेशी कँडलवर अडकतील. उकळून मग गाळणं हे सगळ्यात वाईट."

टेकरामने हातातली नळी ठेवली आणि तो निघाला. त्याने सायकल काढली. घर दीड किलोमीटरवर होतं. वाटेत लोकेश्वरीच्या घरापुढून, नळकोंडाळ्यावरून, तलावाच्या पाळीवरून तो गेला. पाळीवर बायका कपडे धूत होत्या. पाणी पोपटी होतं, आणि गावाच्या नळांना तेच येत होतं. हे रोज दिसत होतं.

रोशनी ओट्यापाशी पेला धरून उभी होती. त्याने तो हातातून हिसकावला. पाणी तिच्या साडीवर सांडलं.

"बाबा. काय करता?"

"हे पाणी प्यायचं नाही. आता बिलकुल प्यायचं नाही."

"काहून?"

"मी कॅन आणतो. भातालेही कॅनचंच पाणी."

"अहो, झालं तरी काय?"

"शेवाळ आहे तलावात. मॅडम सांगत होत्या."

"मी उकळते न."

टेकरामने पातेलं उचललं आणि अंगणात मोरीत ओतलं. फिल्टरही ओतला. रोशनी दारात उभी राहून पाहत होती. तिला वाटलं, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, आणि ते ठिकाणावर कसं असेल. त्याने सायकलवर दोन कॅन आणले. मग तिच्या पायांकडे पाहिलं, डोळ्यांची पांढरी बाजू पाहिली. पिवळं काही दिसलं नाही. पण हेमलताच्या डोळ्यांतही शेवटच्या आठवड्यापर्यंत दिसलं नव्हतं.

दवाखान्यातून आणलेली हेमलताची पिशवी कपाटाखाली तशीच होती. तेव्हापासून कोणी उघडली नव्हती. त्याने उघडली. लुगडं, कंगवा, गोळ्या आणि घरून भरून नेलेली पाण्याची बाटली. अर्धी शिल्लक होती. तिला बाहेरचं पाणी चालत नसे. "दवाखान्यातलं पाणी कोण जाणे कसं असते," असं म्हणून तिने भरती होताना ती स्वतः भरून घेतली होती. टेकराम म्हणाला होता, चार दिवसांसाठी कायले ओझं. ती म्हणाली होती, "तुम्ही तुमच्या फॉर्मलीनच्या वासाचे हात घेऊन गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी तो ती बाटली आणि घरच्या नळाचं पाणी घेऊन कॉलेजात गेला. तास सुटल्यावर शहारे मॅडमना म्हणाला, "मॅडम, थोडं थांबाल का? मले एकट्यानं करायची हिंमत नाही."

दोघांनी प्रॅक्टिकल केलं. टेकरामने आयुष्यात पहिल्यांदा एकही पायरी न गाळता केलं. गाळणं, फोडणं, थेंब, पट्टी. डबी म्हणाली, पुन्हा तपासा. दुसऱ्या बाटलीलाही म्हणाली, पुन्हा तपासा.

मॅडमनी मग डबीचं माहितीपुस्तक काढलं. ते कोणी वाचलेलं नव्हतं, पानं चिकटलेली होती. 'पुन्हा तपासा' कधी येतं याच्या सहा ओळी होत्या. पट्टी कोरडी असल्यास, बॅटरी कमी असल्यास, वगैरे. सहावी ओळ मॅडमनी मोठ्याने वाचली. "मोजमाप दहाच्या वर गेल्यास. नैसर्गिक पाण्यात हे संभवत नसल्याने हाताळणीतील चूक समजावी."

"म्हणजे?" टेकरामने विचारलं. त्याला कळलं होतं, तरी त्याने विचारलं.

"म्हणजे पाणी खूपच खराब असेल तर डबीला वाटतं मुलानं चूक केली."

पुस्तकाच्या शेवटी कच्चा आकडा पाहायची रीत दिली होती. दोन बटणं एकदम दाबायची. नळाच्या पाण्याचा आकडा चाळीस. हेमलताच्या बाटलीचा बेचाळीस. मॅडमनी पुस्तकात पाहिलं. पेशी उकळून फुटल्या तरी जनुकाचे तुकडे पाण्यात उरतात आणि गाळणीला चिकटतात, डबी तेही मोजते.

शहारे मॅडमनी लगेच कॉम्प्युटर उघडला. "पण असं कसं? आपल्या गावाचे पाच वर्षांचे आकडे आहेत नकाशावर. मी स्वतः दोन वर्षं सह्या केल्या." त्यांनी चिचबांधवर बोट ठेवलं. गाव हिरवं होतं. खाली यादी उघडली. शून्य पॉइंट तीन सात. शून्य पॉइंट तीन सहा. तीन सात. तीन आठ. तीन सात. सहाशे बारा नोंदी, बहुतेक सगळ्या अशाच.

"लांजेवारभाऊ, विहिरीचं, तलावाचं, नळाचं, बोअरचं, सगळ्यांचं पाणी एकच कसं?"

टेकराम स्टुलावर बसला. "मॅडम, ते प्रमाण नळीचं आहे. मीच टाकत होतो. मुलांचे मार्क जाऊ नयेत म्हणून."

"सगळ्यांना?"

"ज्याचं परत तपासा आलं त्याले. पहिल्या वर्षी पाच-सहा होते. मग वाढत गेले. गेल्या वर्षापासून सगळेच. मग मी आधीच टाकून ठेवू लागलो. लोकेश्वरीसारखी एखादीच हट्टानं आपलं पाणी टाकत होती."

मॅडम रागावल्या नाहीत. त्याला वाटलं होतं रागावतील, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्या पडद्याकडे पाहत होत्या. त्यांनी नकाशा थोडा लहान केला. शेजारच्या कॉलेजावर बोट ठेवलं. तीन सात, तीन सहा, तीन सात. त्यापलीकडचं उघडलं. तीन सात. मग जिल्हा ओलांडला, नदी ओलांडली, जिथे डोंगर आहे आणि तलाव नाहीत तिथलं एक उघडलं. तीन आठ, तीन सात, तीन सात. त्या उघडत गेल्या. बाहेर मैदानावर मुलं कबड्डी खेळत होती, त्यांचा आवाज येत होता.

"सगळीकडे नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "काही ठिकाणी खरे आकडे आहेत. पण किती ठिकाणी नाहीत हे सांगता येणार नाही. भाऊ, हा राज्याचा नकाशा नाही. हा एका नळीचा नकाशा आहे."

टेकरामला भीती वाटली ती तेव्हा. हेमलता गेली तेव्हा दुःख होतं. रोशनीच्या हातातला पेला पाहिला तेव्हा धसका होता. ही भीती वेगळी होती. त्याला अकरा हजार ओटे दिसले, अकरा हजार पातेली, आणि प्रत्येकापाशी काळजी घेणारी एक बाई.

त्या संध्याकाळीच त्याने नरेशला बोलावून रोशनीला नागपूरला पाठवलं. रक्त तपासून घ्या एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही काही लपवता, बाबा." तो म्हणाला, "तुझ्या आईचं पाहिलं न. मले भीती वाटते, बस." ते खोटं नव्हतं.

दुरुस्तीची नोंद करायला गेले तर पोर्टलने विचारलं, चूक कोणाची. मॅडमचा हात थांबला. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. टेकराम म्हणाला, "माझं नाव टाका. टेकराम सदाशिव लांजेवार, परिचर." मॅडमनी त्याचं नाव टाकलं आणि त्याखाली, तो नको म्हणत असताना, स्वतःचंही टाकलं. पोर्टलने उत्तर दिलं, मागील सत्रांतील नोंदी बदलता येत नाहीत. मग त्यांनी कागदावर लिहिलं आणि जिल्ह्याच्या कचेरीत नेऊन दिलं. तिथल्या साहेबांनी नकाशा उघडून पाहिला आणि म्हणाले, "पण गाव तर हिरवं आहे."

शुक्रवारी ग्रामसभा होती. सरपंच कोरेबाईंनी विषयपत्रिकेत शेवटी पाण्याचा विषय घेतला. शहारे मॅडमनी फळ्यावर पेशीचं चित्र काढून सांगितलं. उकळू नका, कॅन आणा, टँकर मागवू. लोक ऐकत होते, पण चुळबुळत होते.

"मॅडम, आमचे बापजादे हेच पाणी प्याले," एक म्हातारा म्हणाला.

"तेव्हा थंडी पडत होती, बाबा."

मागून कोणी म्हणालं, "टेकराम, बायको गेली तं तलावाले दोष देऊन राहिला का? सरकारच्या नकाशात आपलं पाणी पास आहे."

टेकराम उठला. इतक्या लोकांपुढे तो कधी बोलला नव्हता.

"नकाशात आपलं पाणी नाही," तो म्हणाला. "ते माझ्या नळीतलं पाणी आहे. पाच वर्षं तुमची पोरं घरून बाटल्या घेऊन आली आणि डबीनं सांगितलं, काहीतरी चुकतं आहे. मी त्यात चांगलं पाणी टाकलं. पोरं खरं तेच सांगत होती. मी त्यायले पास केलं."

लोकेश्वरीची आई पुढच्या रांगेत होती. तिने विचारलं, "आणि तुमच्या घरचं?"

"माझ्या घरचं पाणी लोकेश्वरीच्याच लाइनवर आहे. तिच्या बाटलीत जे होतं ते माझ्या घरी पातेल्यात होतं. हेमलताचं लिव्हर गेलं हा फोन आला तेव्हा मी लोकेश्वरीच्या पट्टीवर थेंब टाकून नुकताच मोकळा झालो होतो. तिच्या मागच्या खेपेले मी डबीचं पुस्तक वाचलं असतं, तर सहा महिने आधी कळलं असतं."

सभा संपली तेव्हा लोक त्याला वाट देऊन बाजूला झाले. कोणी शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला, तो शेजारच्या गावाहून. त्या गावाचं पाणीही नकाशात हिरवं होतं, म्हणून मॅडमनी टँकरचा थेंब आधी तपासला. नऊ पॉइंट एक. टँकर परत पाठवला. तिसऱ्या दिवशी बोअरच्या पाण्याचा टँकर आला, तो चांगला निघाला.

रोशनीचा रिपोर्ट रविवारी आला. लिव्हरचे आकडे वाढलेले होते. डॉक्टर म्हणाले, ते पाणी वेळेत बंद झालं, उतरतील. बाळ वाढतंय. दर आठवड्याला रक्त पाहावं लागेल. टेकरामच्याही रक्तात थोडं निघालं, घरच्या चहातून पोटात गेलं असेल तेवढं.

ती रोज फोन करते. जेवले का, औषध घेतलं का, कॅन संपला का, असं विचारते. परवा म्हणाली, "बाबा, मामा म्हणत होता सरकारनं तपासलं असतं तर आई वाचली असती. तुमच्याच कॉलेजात तं तपासत होते न? मग तुम्हाले कसं नाही समजलं?"

टेकराम म्हणाला, "येथं रेंज नाही, नंतर बोलतो," आणि फोन ठेवला.

मंगळवारी ती येणार आहे. गावात उतरली की कोणी ना कोणी सांगेलच, त्याआधी त्याने सांगायला हवं. मॅडमनी एकशे चाळीस कॉलेजांना पत्रं लिहिली आहेत, नऊ जणांची उत्तरं आली आहेत. सरकारच्या नकाशावर चिचबांध अजून हिरवं आहे. आणि तिच्या आईच्या पाण्याचा खरा आकडा ज्याने झाकला तो तिचा बाप आहे, हे रोशनीला सांगायचं राहिलं आहे.